शत्रूची खुर्ची

ज्या गृहस्थांविषयी हे लिहिले आहे, त्यांची आणि लिहिणारीची ओळख एका खुर्चीमुळे झाली. लढाऊ वैमानिक जेथे तयार होतात अशा एका तळावर बिनखिडक्यांची इमारत होती आणि तिची साफसफाई लिहिणारीकडे होती. कामाच्या पहिल्याच सकाळी मागच्या लहान खोलीत ओले फडके फिरवताना तिने एक जड, चाकांची खुर्ची भिंतीशी ढकलून ठेवली. थोड्या वेळाने स्वेटर घातलेले एक गृहस्थ आत आले. खुर्ची जागेवर नाही हे पाहून ते दारातच थबकले. ते आता रागावणार असे वाटले. पण ते फरशीवर उकिडवे बसले आणि तेथे चिकटवलेली एक पिवळी पट्टी बोटाने दाखवू लागले.

"हे बघा बाई, पुढची दोन्ही चाकं या पट्टीवर आली पाहिजेत. जरा इकडची तिकडे झाली ना, की माझी मान धरते. आणि मान धरली की शत्रू मेलाच म्हणून समजा."

"कुठला शत्रू?"

"मीच की," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "सगळे मला शत्रूकाका म्हणतात. तुम्हीही म्हणा. पगार त्याचाच मिळतो."

त्या दिवसापासून लिहिणारीने रोज खुर्ची न चुकता पट्टीवर ठेवली आणि शत्रूकाका रोज "झकास!" म्हणून तिच्यात बसले.

काकांचे काम काय होते हे आधी सांगणे आवश्यक आहे. इमारतीच्या पोटात एक मोठा पांढरा घुमट होता. घुमटाच्या मधोमध विमानाचा फक्त तोंडाकडचा तुकडा बसवलेला होता. वैमानिकाची बैठक, कळा, काटे आणि वर काच. पंख नाहीत आणि शेपूटही नाही. घुमटाच्या आतल्या अंगावर सर्व बाजूंनी आकाश, ढग आणि डोंगर यांची हलती चित्रे पडत. कागदोपत्री त्याला सिम्युलेटर म्हणत आणि एरवी सगळे खोटे विमान म्हणत. त्यात बसलेल्या शिकाऊ वैमानिकाला लढायला समोर कोणीतरी हवे. ते कोणीतरी म्हणजे काका. मागच्या खोलीत ओळीने उभ्या केलेल्या वाकड्या पडद्यांसमोर ते आपल्या खुर्चीत बसत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर विमान चालवण्याचे दांडे होते. ते येथे दांडा वळवीत आणि तिकडे घुमटातल्या आकाशात शत्रूचे काळे विमान वळे, गोता मारी, ढगाआड दडे आणि पोराच्या पाठीमागे येऊन उभे राही.

काका पूर्वी स्वतः लढाऊ विमान चालवीत. एकदा हवेत असताना त्यांच्या विमानाने पेट घेतला आणि त्यांना बैठकीसकट बाहेर फेकले जावे लागले. जीव वाचला, परंतु त्या हिसक्याने मानेचे मणके दुखावले. मान डावीकडे व्यवस्थित वळे. उजवीकडे मात्र ती हनुवटी खांद्यापर्यंत नेऊ देत नसे. जोर केला तर डोळ्यांपुढे काजवे चमकत. डॉक्टरांनी त्यांचे उडणे कायमचे बंद केले. तळावरच्या साहेबांनी त्यांच्यापुढे दोन जागा ठेवल्या. एक कोठारात, टायर आणि सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याची. दुसरी या खुर्चीची. काकांनी खुर्ची घेतली. सुरुवातीला ते फार खट्टू असत. पुढे पुढे त्यांना तिचा इतका लळा लागला की सुट्टीच्या दिवशीही ते, काहीतरी विसरल्याचे निमित्त काढून, खोलीत येऊन जात. विमान खोटे होते हे खरे. पण त्यांच्या वाट्याला उरलेले ते एकच विमान होते. ती पिवळी पट्टी त्यांनी स्वतः बरेच दिवस मागेपुढे करून बसवली होती. त्या जागेवरून समोरचे आणि डावीकडचे सर्व पडदे मान न दुखता दिसत. उजवीकडचे टोकाचे पडदे राहून जात, परंतु त्यांच्यावाचून काही अडते असे त्यांना कधी वाटले नव्हते.

शिकणारी मुले त्यांच्यावर जीव टाकीत. त्यांच्यात एक उंच मुलगा होता, त्याला सारे लंबू म्हणत. एक ठेंगणी, चटपटीत मुलगी होती, तिचे नाव चिमणी पडले होते. घुमटातून घामाघूम होऊन बाहेर आली की मुले सरळ काकांच्या खोलीकडे मोर्चा वळवीत.

"काका, आज तुम्हाला पाणी पाजलं की नाही?" चिमणी विचारी.

"पाजलंस बाई. आता चहाही पाज."

"शत्रूला चहा? नियमात बसत नाही."

"मग उद्या दाखवतो नियम," काका म्हणत आणि थर्मासमधला आपला चहा तिलाच अर्धा देत.

काकांच्या पत्नी मोटार चालवायला शिकवीत असत. त्यांची स्वतःची छोटी शाळा होती आणि तिच्यात दोन गाड्या होत्या. लिहिणारीच्या मुलीला गाडी त्यांनीच शिकवली, आणि घरातल्या ज्या गोष्टी पुढे येतात त्या त्यांच्याच तोंडून कळलेल्या आहेत. बाई बोलायला फटकळ आणि मनाने मोकळ्या होत्या. "मी दिवसभर रस्त्यावर जीव मुठीत धरून बसते आणि आमचे हे बसल्या जागी युद्ध करून येतात," असे त्या नवऱ्यादेखत सांगत, आणि नवरा खूश होऊन मान डोलवी, अर्थात डावीकडेच.

एके दिवशी संध्याकाळी जेवताना त्यांनी एक गंमत सांगितली.

"अहो, आज परीक्षेला माझी तीन पोरं गेली आणि तिघंही गाडी मागे घेताना आपटली. इथं आपल्या मैदानावर तर डोळे मिटून घेतात!"

"मग तिथं काय झालं?"

"आपल्या मैदानाच्या कोपऱ्यात ती पाण्याची टाकी आहे ना? टाकी काचेत दिसली की चाक फिरवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं. मी शिकवलं आरशात बघायला. ही शिकली टाकीकडे बघायला. परीक्षेच्या मैदानावर टाकी कुठून आणायची? एक तर उतरून विचारायला निघाला होता, टाकी कुठंय म्हणून!"

काकांना हसता हसता ठसका लागला. त्यांच्या पत्नीने पाठीवर थोपटले, तेव्हा कुठे तो थांबला.

यानंतर लवकरच तळावर एक परीक्षक बाई आल्या. मुख्य कचेरीने त्यांना पाठवले होते. बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या आणि प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबून समोरच्याकडे पाहणाऱ्या. त्यांचे येणे कशासाठी हे तळावरच्या साहेबांनी सर्वांसमक्ष सांगितले.

"मॅडम, मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. या घुमटात लढाई शिकलेलं पोर खऱ्या आकाशात टिकतं की नाही? टिकत असेल तर खरी उड्डाणं कमी करता येतील. टिकत नसेल तर मी ही इमारत रिकामी करतो. टायर ठेवायला जागा पुरत नाही मला."

"घुमटातले गुण मी बघणार नाही, साहेब," परीक्षक बाई म्हणाल्या. "घुमटात शिकून घुमटात पहिला येण्यात काही विशेष नाही. वर गेल्यावर त्यातलं काय शिल्लक राहतं, ते बघायचं. खोली माणसाला तयार करते की नुसती बेफिकीर करते, हे वरच कळेल."

मुलांनी त्यांचे नाव लगेच तराजूबाई ठेवले.

तराजूबाईंनी तेव्हा शिकत असलेल्या तुकडीचे दोन भाग केले. एका भागाने लढाई जवळजवळ सगळी घुमटात, काकांशी शिकायची. दुसऱ्याने ती खऱ्या विमानात, वेगवेगळ्या प्रशिक्षकांशी शिकायची. लंबू आणि चिमणी घुमटवाल्यांत आली. याआधी कोणत्याही तुकडीने लढाईचा इतका मोठा भाग घुमटात घेतला नव्हता. शेवटी दोन्ही भागांची परीक्षा खऱ्या आकाशात होणार होती. दुसऱ्या तळावरचे एक नामांकित प्रशिक्षक शत्रू बनून येणार होते. गोळी कोणी झाडायची नव्हती. कोण कोणाच्या पाठीमागे पोहोचला हे यंत्रे टिपून घेणार होती आणि प्रत्येकाच्या बैठकीत त्याचे डोके आणि हात दिसतील असा कॅमेरा बसवला होता.

काकांनी त्या दिवसांत जीव ओतून काम केले. खोटे विमान चालले तर इमारत राहणार आणि इमारत राहिली तर त्यांची खुर्ची राहणार, हे उघड होते. मुले एकाहून एक सरस होत गेली. शिक्षणाच्या अखेरीस अशी वेळ आली की काकांना एकही लढाई जिंकता येईना. ते हरत आणि आनंदाने घरी जात.

"आज लंबूनं मला वळायच्या आधीच गाठलं," ते पत्नीला सांगत. "माझ्या मनात आलं की याला कळतं!"

"मग तुम्ही आता निवृत्त व्हा आणि माझ्या गाड्या धुवा."

परीक्षेचा दिवस उजाडला. आकाश स्वच्छ होते. खऱ्या आकाशात शिकलेली मुले आधी गेली. काही जिंकली, काही हरली. मग घुमटवाली गेली. आणि तेथे विपरीत घडले. पहिली झुंज लागताच पाहुण्या प्रशिक्षकांनी विमान वळवले आणि एकामागून एक सर्व मुलांच्या दृष्टीआड झाले. मुले त्यांना शोधीत राहिली आणि ते मजेत मुलांच्या शेपटीला जाऊन लागले. एकही अपवाद झाला नाही.

चिमणी खाली उतरली ती शिरस्त्राण काखेत मारून, लाल डोळ्यांनी. "गेला कुठं तेच कळेना, काका! समोर होता, आणि पुढच्या क्षणी नाहीच. मी शोधतेय, शोधतेय, आणि तो माझ्या पाठीवर!"

"होतं असं," काका म्हणाले. परंतु त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, तराजूबाई आणि काका त्या चित्रफिती पाहायला बसले. तराजूबाई नीट, न्यायाने बोलल्या. घुमटवाली मुले कितीतरी बाबतींत दुसऱ्यांहून सरस होती. बिघाडाचा दिवा लागला तेव्हा त्यांचा हात योग्य कळीवर गेला. इंधनावरचे त्यांचे लक्ष ढळले नाही. बोलणे नेमके, श्वास शांत. फक्त पहिल्या वळणालाच त्यांची दांडी गुल होत होती.

"हे सगळं ठीक आहे, पण लढाईत पहिलं वळण गेलं की बाकीचं सरस असून उपयोग काय?" साहेब म्हणाले. "माझं उत्तर मला मिळालं. टायर येऊ देत."

 काका पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर चिमणीचे शिरस्त्राण दिसत होते. पाहुण्या प्रशिक्षकांचे विमान अजून सरळ उडत होते, वळलेदेखील नव्हते, तेवढ्यात चिमणीचे डोके झटकन डावीकडे गेले. मग लंबू आला. त्याचेही डोके शत्रू वळण्याआधीच डावीकडे गेले. त्याच्यानंतरच्या मुलाचेही तसेच. आणि पाहुणे प्रत्येक वेळी उजवीकडे वळून निघून जात होते. काकांचा हात आपोआप आपल्या मानेकडे गेला. तो त्यांनी तेथेच दाबून धरला, आणि "येतो" एवढे म्हणून ते खोलीबाहेर पडले.

त्या संध्याकाळी त्यांनी ताटातले काही घासच खाल्ले.

"मान दुखतेय का?" पत्नीने विचारले.

"मान नाही."

"मग तोंड का असं? खोली बंद करताहेत म्हणून?"

"अगं, तुझी ती टाकी..."

"हं, टाकीचं काय?"

"माझ्या पोरांची टाकी मीच आहे."

बाईंना पहिल्यांदा काही कळले नाही. मग काकांनी सावकाश सांगितले. मान उजवीकडे जात नाही. म्हणून डोळे उजवीकडे जात नाहीत. म्हणून अडचणीत सापडले की ते विमान नेहमी डावीकडेच पळवीत आले. जिकडे दिसते तिकडेच माणूस वळणार. त्यांना स्वतःला हे ठाऊकही नव्हते. पण मुलांच्या ते पुरते अंगवळणी पडले होते. मुले शत्रूला ओळखायला शिकलीच नव्हती. ती काकांना ओळखायला शिकली होती. आधीच्या तुकड्यांतली मुले वर जाऊन निरनिराळ्या माणसांशी लढत, त्यामुळे ती खोड तेथे मोडून जाई. या मुलांना मोडायला वावच मिळाला नाही.

"मग सांगून टाका की उद्या," बाई म्हणाल्या.

"सांगितलं तर खोली राहील. खुर्ची जाईल. आपोआप लढणारं यंत्र केव्हाच आणून ठेवलंय त्यांनी, खोक्यात पडून आहे. ते लावतील माझ्या जागी. त्याला मानच नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर खोलीही जाईल आणि खुर्चीही. पण माझ्यामुळे गेली असं कोणी म्हणणार नाही. मला टायरांवर नेमतील."

"म्हणजे टायरांच्या ढिगात बसून ताठ मानेनं जगणार," बाई म्हणाल्या. "तशी ती ताठच आहे म्हणा."

काका आधी रागाने पाहत राहिले. मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी ताट पुढे ओढले आणि राहिलेले जेवण संपवले. तेवढ्यावरून बाईंनी ओळखले की यांचे ठरले.

सकाळी ते तराजूबाईंच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी मनातले सगळे सांगितले. बाईंनी नेहमीप्रमाणे जरा थांबून त्यांच्याकडे पाहिले.

"हे तुम्हाला वाटतं. मला दाखवता येईल?"

"येईल. आज मुलांना पुन्हा घुमटात बसवा. कारण सांगू नका. मी उजवीकडे वळतो."

"आणि मान?"

"एक दिवस सोसेल ती."

त्या सकाळचा प्रसंग लिहिणारीने दारातून प्रत्यक्ष पाहिला आहे, कारण बादली उचलून निघून जाण्याचे तिला भान राहिले नाही. काका दात आवळून, अख्खे धड फिरवून उजवीकडच्या टोकाचे पडदे पाहत होते. कपाळावर घाम आला होता. आणि घुमटात नुसता गोंधळ माजला होता. लंबू गेला, चिमणी गेली, सगळे एकेक करून गेले. कितीतरी दिवस हरत आलेल्या काकांनी सर्वांना चीत केले.

मुले धाडधाड मागच्या खोलीत आली.

"काका, हे काय? आज काय खाऊन आलात?"

"चीटिंग आहे ही! तुम्ही तिकडे कधी वळता?" चिमणी ओरडली.

आणि ओरडता ओरडताच ती थांबली. तिने लंबूकडे पाहिले. लंबूने आपल्या डाव्या खांद्याकडे पाहिले.

"तिकडे कधीच वळत नाहीत ते," लंबू हळूच म्हणाला. "आपण शत्रूवर नाही, काकांवर नजर ठेवत होतो."

तराजूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन काकांच्या खांद्याखाली एक उशी सरकवली.

साहेबांनी ऐकले आणि टेबलावर थाप मारली. "सोपं आहे मग! खोली ठेवू. खुर्चीत यंत्र बसवू. काका, तुमच्यावर माझा राग नाही, पण..."

"बसवून बघा, साहेब," काका म्हणाले. आवाज स्थिर होता. हात मात्र पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंतवलेले होते.

यंत्र बसवले गेले. पहिल्या काही दिवसांत त्याने मुलांच्या नाकी नऊ आणले. मग मुले त्यालाही ओळखू लागली. यंत्र डावीकडेही वळे आणि उजवीकडेही. पण ते घाबरत नसे, चिडत नसे, हरल्याचे सोंग आणीत नसे. एखाद्या दिवशी आळसही करीत नसे.

"त्याला खोटं वागता येत नाही हो," चिमणीने तराजूबाईंना सांगितले. "काका हरल्यासारखं करायचे आणि मग मानगुटीवर बसायचे. याच्यात कसलीच मजा नाही. पाठ होतो हा."

ज्या दिवशी तराजूबाई आपला निर्णय सांगणार होत्या, त्या दिवशी काका सकाळपासून इमारतीच्या पायरीवर बसून होते. आत खुर्चीत यंत्राची पेटी बसवलेली होती आणि तिच्याकडे पाहणे त्यांना जमत नव्हते. शेवटी त्यांना आत बोलावले.

"साहेब, तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही," बाई म्हणाल्या. "खोटं विमान हात शिकवतं आणि डोळे शिकवतं. धीरही थोडा शिकवतं. वळणात अंगावर येणारं वजन ते शिकवत नाही आणि जिवाची भीती तर मुळीच नाही. तेव्हा उड्डाणं निम्म्यावर आणू नका; जे धडे इथं नीट होतात तेवढेच इथं घ्या. आणि पहिलं वळण शिकवायचं असेल, तर समोर कुणाच्या सवयीत न सापडणारा शत्रू पाहिजे. थोडे दिवस यंत्र, थोडे दिवस इतर प्रशिक्षक, आणि थोडे दिवस..." त्या थांबल्या आणि काकांकडे वळल्या. "तुम्हाला स्वतःची सवय मोडता येईल का?"

"या वयात?" साहेब म्हणाले.

"मोडता येईल," काका म्हणाले. "मोडली नाही तर पुढच्या परीक्षेनंतर मी आपण होऊन टायरांवर जाईन."

त्यांनी ती कशी मोडली ते अखेरीस सांगायचे आहे. तूर्त एवढेच नमूद करते की काकांची खुर्ची राहिली. ती पूर्वीसारखी रोजची राहिली नाही. काही दिवस तीत यंत्र बसे, काही दिवस इतर प्रशिक्षक येऊन बसत. मोकळ्या दिवशी काका पत्नीच्या गाड्या खरोखरच धूत. परंतु आपल्या दिवसांची ते अशी वाट पाहत की सकाळी तळाच्या फाटकाशी त्यांच्याआधी कोणी पोहोचत नसे. आता ते हरतही आणि जिंकतही, आणि आज काय होणार हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसे. मुले बाहेर येऊन भांडत, "आज कुठून आलात हो?" म्हणून, आणि ते सांगत, "मलाच विचारताय होय!"

पुढच्या तुकडीच्या परीक्षेला तेच पाहुणे प्रशिक्षक आले. त्यांनी पहिल्याच मुलासमोर विमान उजवीकडे घातले, आणि त्या मुलाचे डोके आधी हलले नाही. ते शत्रूबरोबर हलले. काही मुले जिंकली आणि काही हरली. पण हरली ती लढून हरली. लंबू आणि चिमणी यांनी वर जाऊन बराच सराव केला होता, त्यांचीही पुन्हा परीक्षा झाली आणि दोघेही उत्तीर्ण झाले. पाहुणे खाली उतरले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मागच्या खेपेला मी वर गप्पा मारत होतो," ते साहेबांना म्हणाले. "या वेळी घाम निघाला. शिकवलं कुणी यांना?"

साहेबांनी काकांकडे बोट केले. "यांनी. हे आमचे शत्रू."

पाहुण्यांनी हात पुढे केला. काकांनी तो घेतला आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहण्यासाठी मान न वळवता सगळेच शरीर त्यांच्याकडे वळवले, जसे ते नेहमी करीत. कोठारातले जास्तीचे टायर साहेबांनी बाहेर, ताडपत्रीखाली रचून घेतले.

लिहिणारी आता ते काम करीत नाही. काकाही निवृत्त झाले आहेत आणि पत्नीच्या शाळेत, गाडी मागे घेण्याचा धडा तेवढा ते शिकवतात. दर वेळी नव्या गल्लीत नेऊन. त्यांच्या तोंडची पुष्कळ वाक्ये लिहिणारीला आठवतात. परंतु जी सगळ्यांत साधी होती ती येथे लिहून ठेवावी असे वाटते.

तराजूबाईंनी निर्णय दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. लिहिणारीने फरशी पुसली, खुर्ची ढकलत आणली आणि नेहमीप्रमाणे पुढची दोन्ही चाके पट्टीवर बसवली. काका दारात उभे राहून पाहत होते. या वेळी ते "झकास" म्हणाले नाहीत. ते आत आले, गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि नखाने त्या पिवळ्या पट्टीचे टोक उचकटू लागले. पट्टी फार जुनी होती. ती तुकड्या-तुकड्यांनी निघत होती. लिहिणारीने बादलीतले गरम पाणी पुढे केले तेव्हा ती सुटली. खाली फरशीचा रंग वेगळा, उजळ राहिला होता. काकांनी पट्टीचा बोळा करून स्वेटरच्या खिशात टाकला आणि वर पाहून ते म्हणाले:

"बाई, उद्यापासून ही खुर्ची माझ्या सोयीनं ठेवू नका. कधी उजवीकडे तोंड करून ठेवा, कधी डावीकडे, तुमच्या मनाला येईल तशी. फक्त मला आधी सांगू नका."